विकायचा गॅस हवेत का जातो, आणि तो कसा अडवायचा

नैसर्गिक वायूच्या विहिरीजवळ किंवा गॅस गोळा करणाऱ्या केंद्रावर पाच मिनिटं शांत उभं राहिलं, की थोड्या थोड्या वेळाने 'फुस्स' असा आवाज ऐकू येतो. नवख्या माणसाला वाटतं, कुठेतरी गळतंय. प्रत्यक्षात काहीच बिघडलेलं नसतं. टाकीतली पातळी किंवा पाइपमधला दाब राखणारा एक छोटा कंट्रोलर पाइपातल्याच गॅसच्या जोरावर वॉल्व्ह उघडतो, मिटतो आणि काम झालं की तेवढा गॅस बाहेर सोडून देतो. तो बनवलाच तसा आहे.

गॅस उद्योगातल्या नासाडीचं मूळ या आवाजात आहे. हवेत जाणारा बराचसा गॅस अपघाताने जात नाही. तो रोजच्या कामाचा भाग म्हणून सोडला जातो. ज्याला कुणी बिघाड म्हणत नाही, ते दुरुस्त करायला कुणी जात नाही. म्हणून 'गळती शोधा, बंद करा' एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही. आधी ठरवून सोडला जाणारा गॅस थांबवायचा, मग मोठ्या गळत्या आणि त्यानंतर बारीकसारीक, असा क्रम लावावा लागतो.

एवढ्याशा गॅसची एवढी चिंता का

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. एक किलो मिथेन पूर्ण जळला तर पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. न जळता निसटला तर गोष्ट फार वेगळी. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या 2021 च्या अहवालानुसार खनिज इंधनातून निसटलेला एक टन मिथेन 20 वर्षांच्या हिशेबाने 82.5 टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो, 100 वर्षांच्या हिशेबाने सुमारे 30 टनांइतकी. दोन आकडे यासाठी, की मिथेन हवेत साधारण 12 वर्षंच टिकतो. टिकतो तेवढा काळ मात्र जबर तापवतो. कार्बन डायऑक्साइड कमी केल्याचा परिणाम दिसायला पिढ्या जातात, मिथेन अडवल्याचा परिणाम आज शाळेत जाणाऱ्या मुलांच्या तरुणपणीच दिसतो.

'कोळशापेक्षा गॅस बरा' हे विधानही याच हिशेबावर उभं आहे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडलं, की विहिरीपासून वीज केंद्रापर्यंतची गळती 3.2 टक्क्यांच्या आत असेल, तरच नवं गॅस केंद्र नव्या कोळसा केंद्रापेक्षा पहिल्या दिवसापासून हवामानाला कमी जाचक ठरतं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या मोजमापांवरून तिथल्या एकूण उत्पादनाच्या 2.3 टक्के गॅस निसटतो असं दिसलं. सरकारी आकड्यांपेक्षा हे सुमारे 60 टक्के जास्त होतं. टेक्सस आणि न्यू मेक्सिकोत पसरलेल्या पर्मियन खोऱ्यात 2018-19 च्या उपग्रह नोंदींवरून हा आकडा 3.7 टक्के निघाला. म्हणजे तिथल्या गॅसपुरता कोळशावरचा फायदा धोक्यात आलेला होता.

सरकारी आकडा कमी का भरला? कारण तो मोजलेला नव्हता, गुणाकाराने काढलेला होता. इतके वॉल्व्ह, प्रत्येकाची सरासरी गळती इतकी, झाला हिशेब. सरासरीच्या या वहीत अडकून उघडा राहिलेला वॉल्व्ह किंवा विझलेली फ्लेअर (नको असलेला गॅस जाळणारी उंच नळी) कुठेच लिहिलेली नसते. आणि हिशेबात न आलेला गॅस बहुधा तिथूनच जातो.

फुसफुसणारे कंट्रोलर

गॅसच्या दाबावर चालणारे हे कंट्रोलर, म्हणजे न्यूमॅटिक कंट्रोलर, तीन प्रकारचे. सतत आणि भरपूर गॅस सोडणारे, सतत पण कमी सोडणारे, आणि फक्त वॉल्व्ह हलवताना सोडणारे. अमेरिकी पर्यावरण खात्याने वर्षानुवर्षं वापरलेल्या सरासरी आकड्यांत पहिला प्रकार तासाला 37.3 घनफूट, म्हणजे एक घनमीटरहून थोडा जास्त गॅस सोडतो. दुसरा 1.39 घनफूट, म्हणजे 39 लिटर. तिसरा 13.5 घनफूट, म्हणजे साधारण 380 लिटर.

पहिल्या प्रकारचा एक कंट्रोलर वर्षभर चालला तर नऊ हजारांहून जास्त घनमीटर गॅस हवेत जातो. महिन्याला 15 घनमीटर पाइप गॅस लागणारी घरं धरली, तर पन्नास घरांचा वर्षभराचा स्वयंपाक एका वितीएवढ्या यंत्राने उडवला. एका केंद्रावर असे डझनभर कंट्रोलर असू शकतात.

उपाय तीन. सगळ्यात स्वस्त म्हणजे कमी गॅस सोडणारा कंट्रोलर बसवणं, किंवा जुन्यालाच सुधारणेचा किट लावणं. हे बहुतेक ठिकाणी चालतं, पण कॉम्प्रेसरच्या सुरक्षेसारख्या जागी, जिथे वॉल्व्ह क्षणात हलावा लागतो, तिथे नाही. अशा जागी दुसरा उपाय, गॅसऐवजी दाबलेली हवा वापरायची. त्यासाठी वीज, हवेचा कॉम्प्रेसर, साठवण टाकी आणि ड्रायर लागतात. एका कंट्रोल लूपला, म्हणजे कंट्रोलर आणि त्याच्या वॉल्व्हच्या जोडीला, मिनिटाला एक घनफूट, म्हणजे 28 लिटर हवा, हा जुना ठोकताळा अजून उपयोगी पडतो. त्यावर ड्रायरला आणि किरकोळ कामांना लागणारी हवा वेगळी धरायची. दुसरा कॉम्प्रेसर राखीव हवाच, कारण हवा गेली की सगळं केंद्र बंद पडतं.

ही यंत्रणा बहुधा ड्रायरपाशी मार खाते. ड्रायरचं रसायन वेळेवर बदललं नाही की हवेतली ओल बारीक नळ्यांत उतरते, थंड प्रदेशात गोठते, वॉल्व्ह अडकतात. मग वैतागलेले लोक पुन्हा गॅसची नळी जोडून मोकळे होतात. कागदावर हवेची यंत्रणा, प्रत्यक्षात गॅसची. तपासणीला गेल्यावर पुरवठ्याची नळी हाताने मागपर्यंत धरून पाहावी.

तिसरा उपाय विजेवर चालणाऱ्या वॉल्व्हचा. दूरच्या विहिरीवर सौर पॅनेल आणि बॅटरी पुरते. विहिरीत गंजरोधक रसायन सोडणारे छोटे पंपही पूर्वी गॅसच्या दाबावर चालायचे. त्यांच्या जागी सौर पंप बसवणं हे तर सगळ्यात सोपं काम आहे, ते राहून गेलं असेल तर सबब चालू नये.

तिसऱ्या प्रकारच्या, म्हणजे थांबून थांबून सोडणाऱ्या कंट्रोलरवर विशेष लक्ष हवं. दोन हालचालींच्या मधल्या काळात तो गप्प असला पाहिजे. आत कचरा अडकला किंवा बारीक तोटी झिजली की तो सतत सोडू लागतो, आणि आवाज तोच असल्याने कुणाला कळत नाही. दोन 'फुस्स'च्या मध्ये त्याच्या निकासावर साबणाच्या पाण्याचा फेस धरला की दोन मिनिटांत निकाल लागतो.

कॉम्प्रेसर: सील आणि पॅकिंग

गॅस पाइपातून पुढे ढकलायला कॉम्प्रेसर लागतात. त्यांचा दांडा फिरतो किंवा पुढेमागे होतो आणि जिथे तो आवरणातून बाहेर येतो तिथे गॅस अडवावा लागतो.

फिरत्या, म्हणजे सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसरच्या जुन्या रचनेत हे काम तेल करतं. दोन कड्यांच्या मध्ये जास्त दाबाने तेल फिरवलं की गॅसला वाट मिळत नाही. सीलपाशी गळती नगण्य. पण तेल गॅस पिऊन घेतं, आणि पुन्हा वापरण्याआधी ते तापवून त्यातला गॅस काढावा लागतो. तो गॅस धुराड्यातून थेट आकाशात. मिनिटाला 40 ते 200 घनफूट, म्हणजे 1.1 ते 5.7 घनमीटर. वरच्या टोकाला दिवसाचे आठ हजार घनमीटर होतात. कोरडा सील वापरला, तर दोन सीलचे मिळून मिनिटाला सहा घनफुटांच्या आत काम भागतं. विजेची बचत होते आणि तेलाची कटकटही जाते.

कोरडा सील महाग असतो आणि तो बसवायला मशीन बराच काळ बंद ठेवावी लागते. तेवढी सवड नसेल तर मधला मार्ग आहे. सीलमधून परतणारं तेल आधी एका छोट्या पात्रात, मध्यम दाबाखाली थांबवायचं. बहुतेक गॅस तिथेच सुटतो आणि दाब असल्यामुळे तो इंजिनाच्या इंधनात किंवा कॉम्प्रेसरच्या तोंडाशी परत देता येतो. खर्च सीलच्या मानाने किरकोळ. आमच्या मते जुन्या स्टेशनांवर सुरुवात इथूनच करावी.

पुढेमागे चालणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये दांड्याभोवती कड्यांची माळ असते, तिला पॅकिंग म्हणतात. नवी, नीट बसलेली पॅकिंगही तासाला 11-12 घनफूट सोडते. झिजलेली 900 घनफुटांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेच्या 2012 च्या नियमाने दर 26,000 तासांनी किंवा 36 महिन्यांनी पॅकिंग बदलणं बंधनकारक केलं. नियम ठीक आहे, पण घड्याळ पाहून बदलण्यापेक्षा मोजून बदलणं शहाणपणाचं. नवी पॅकिंग बसून स्थिरावली की निकास नळीवर मीटर धरून गळती लिहून ठेवायची. ती आधाररेषा. पुढच्या मोजणीत जास्तीच्या गळतीतून जाणाऱ्या गॅसची किंमत नव्या कड्यांच्या खर्चापुढे गेली, की बदलायची.

नवी पॅकिंग महिन्याभरात गळू लागली तर दोष बहुधा कड्यांचा नसतो. दांडा झिजून बारीक किंवा ओरखडलेला असतो, तो सरळ रेषेत नसतो, किंवा पॅकिंगच्या वाट्यांमधलं गॅस्केट फाटलेलं असतं. नुसत्या कड्या बदलत राहिलं तर पैसे आणि गॅस दोन्ही जातात.

बंद पडलेला कॉम्प्रेसरही गॅस खातो, हे अनेकांना पटत नाही. मशीन बंद केली की तिच्यातला गॅस सोडून दाब शून्यावर आणतात आणि निकास उघडा ठेवतात. पण मुख्य पाइपलाइनपासून तिला तोडणारा मोठा वॉल्व्ह पूर्ण घट्ट बसत नाही. त्याच्या फटीतून गॅस आत येत राहतो आणि उघड्या निकासातून वर जातो, कधी महिनोन्महिने. हा निकास छपराच्या वर असतो, खाली उभ्या माणसाला ना दिसतो ना ऐकू येतो. थोड्या वेळासाठी बंद ठेवायची मशीन दाबाखालीच ठेवावी. उरलेला गॅस इंधनाच्या नळीत वळवता आला तर उत्तमच.

टाक्या आणि गॅस वाळवण्याचं यंत्र

विहिरीतून गॅसबरोबर हलकं तेल आणि पाणी येतं. सेपरेटरमध्ये दाबाखाली वेगळं झालेलं तेल वातावरणाच्या दाबाच्या टाकीत पडलं, की सोड्याची बाटली उघडावी तसा त्यातला विरघळलेला गॅस उसळून बाहेर येतो. ही वाफ गोळा करून दाबणारं यंत्र लावलं तर साधारण 95 टक्के वाफ परत मिळते, आणि तिच्यात जड घटक जास्त असल्यामुळे साध्या गॅसपेक्षा तिचं उष्णतामूल्यही जास्त असतं. मग हे यंत्र असूनही टाक्यांवरून गॅस का जातो? एक तर ते सरासरीवर मापलेलं असतं. सेपरेटर मात्र तेल थेंबाथेंबाने सोडत नाही, भसकन ओततो. त्या मिनिटभरात वाफ यंत्राच्या ताकदीबाहेर जाते आणि टाकीवरचं झाकण उचललं जातं. मोजमाप करताना कमाल उसळी धरावी, किंवा सेपरेटर थोडं थोडं आणि वारंवार सोडेल असा लावावा.

दुसरं, ते झाकणच. नमुना घ्यायला उघडलं, नीट लावलं नाही, गॅस्केटवर कचरा राहिला. याहून साधं कारण नाही आणि याहून महाग चूकही क्वचित. तिसरं सगळ्यात फसवं: सेपरेटरचा तळाचा वॉल्व्ह वाळूच्या कणामुळे अर्धवट उघडा राहतो आणि तेलाच्या मागोमाग विहिरीतला गॅसच थेट टाकीत घुसतो. बाहेरून दिसतं टाकी गळतेय, रोग मात्र सेपरेटरमध्ये. झाकण कितीही घट्ट लावलं तरी ते पुन्हा उचललं जाणार.

गॅस वाळवायला ट्रायइथिलीन ग्लायकॉल वापरतात. ते पाणी शोषतं, पण थोडा मिथेनही शोषतं, आणि तापवून पाणी उडवताना तो मिथेनही उडतो. म्हणजे जितकं ग्लायकॉल फिरेल तितका गॅस जाईल. एक किलो पाणी काढायला साधारण 25 लिटर ग्लायकॉल पुरतं. पण विहीर नवी, जोमात असताना पंपाचा वेग ठरवलेला असतो. पुढे उत्पादन घटतं, पंप तसाच धावत राहतो, आणि गरजेच्या दुप्पट ग्लायकॉल फिरणं ही नित्याची गोष्ट आहे. वेग कमी करायला एक पैसा लागत नाही. फक्त बाहेर पडणाऱ्या गॅसमधली ओल मोजत, दोन-तीन टप्प्यांत उतरवायचा. वाळवलेला गॅस पाइपलाइनच्या अटीत बसतो तिथे थांबायचं.

ग्लायकॉलचा पंप गॅसच्या दाबावर चालणारा असेल तर निसटणारा मिथेन विजेच्या पंपाच्या तिप्पट असतो. आणि ग्लायकॉल तापवणाऱ्या भट्टीच्या आधी एक फ्लॅश टाकी, म्हणजे दाब उतरवून गॅस सुटू देणारी टाकी, बसवली तर विरघळलेल्या मिथेनपैकी सुमारे 90 टक्के तिथेच सुटतो, तो भट्टीचं इंधन म्हणून जाळता येतो. वेग कमी करा, फ्लॅश टाकी बसवा, विजेचा पंप लावा. या क्रमानेच करावं, कारण वेग कमी केल्यावर टाकी आणि पंप दोन्ही लहान लागतात.

पाइपलाइन दुरुस्तीला रिकामी करताना

दोन वॉल्व्हमधला पाइपचा तुकडा दुरुस्तीसाठी उघडायचा तर आतला गॅस काढावा लागतो. जुनी पद्धत सोपी होती, सोडून द्यायचा. पाऊण मीटर व्यासाचा, 16 किलोमीटर लांबीचा आणि 60 बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे साठपट, दाबाचा तुकडा धरा. पाइपची पोकळी सात हजार घनमीटरची, पण दाबामुळे आत चार लाख घनमीटरहून जास्त गॅस असतो. मघाच्याच मापाने दोन हजारांहून अधिक घरांचा वर्षभराचा गॅस, एका दुपारी.

तो वाचवता येतो, पण आखणी आधी हवी. पहिल्या टप्प्यात पुढच्या स्टेशनचा कॉम्प्रेसर चालू ठेवून तुकड्यातला गॅस ओढून घ्यायचा. दाब निम्म्यावर येतो, म्हणजे निम्मा गॅस वाचला, तोही जवळपास फुकट. मग ट्रकवरचा फिरता कॉम्प्रेसर लावून उरलेला गॅस वॉल्व्हच्या पलीकडे ढकलायचा. असं करून 90 टक्क्यांपर्यंत गॅस परत मिळवता येतो. याला वेळ लागतो, आणि म्हणूनच आणीबाणीच्या दुरुस्तीत हे होत नाही. ठरवून केलेल्या दुरुस्तीत मात्र झालंच पाहिजे. जवळपासच्या दोन-तीन दुरुस्त्या एकाच बंदमध्ये उरकल्या तर तेवढ्या वेळा पाइप रिकामा करणंही वाचतं. चालू पाइपला दाबाखालीच छिद्र पाडून नवी शाखा जोडण्याची हॉट टॅपिंगची पद्धत जुनी आहे. त्यात गॅस सोडावाच लागत नाही, पण पाइपची जाडी आधी तपासून घ्यावी लागते.

फ्लेअर: जळते म्हणून निर्धास्त होऊ नये

मुंबई हाय हे अरबी समुद्रातलं तेलक्षेत्र 1974 मध्ये सापडलं, 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. तेलाबरोबर गॅसही वर आला, पण तो किनाऱ्यावर आणायला पुरेसे कॉम्प्रेसर आणि पाइप नव्हते. 1990-91 मध्ये देशात निघणाऱ्या गॅसपैकी पाव भागाहून अधिक जाळून टाकला जात होता. 1991 मध्ये जागतिक बँकेने ओएनजीसीला खास फ्लेअरिंग कमी करण्याच्या प्रकल्पासाठी कर्ज दिलं. पुढे उरणच्या संयंत्रात फ्लेअरकडे जाणारा गॅस परत घेणारी यंत्रणा बसली आणि ती स्वच्छ विकास यंत्रणेखाली, म्हणजे उत्सर्जन घटवणाऱ्या प्रकल्पांना कार्बन क्रेडिट देणाऱ्या क्योटो करारातल्या योजनेखाली, नोंदलीही गेली.

अशा यंत्रणेचं तत्त्व सुटसुटीत आहे. फ्लेअरकडे जाणाऱ्या पाइपात पाण्याचा सील ठेवतात. नेहमीचा थोडा गॅस तो सील ओलांडू शकत नाही, आणि तो शेजारचा कॉम्प्रेसर ओढून परत प्रक्रियेत नेतो. अचानक खूप गॅस आला की पाण्याचा सील आपोआप फुटतो आणि गॅस फ्लेअरमध्ये सुरक्षितपणे जळतो. त्या वाटेवर मध्ये बंद वॉल्व्ह कधीही ठेवायचा नाही, ही अट मोडायची नाही.

जिथे जाळावंच लागतं तिथे नीट जळतं का, हे पाहणं तितकंच महत्त्वाचं. फ्लेअर 98 टक्के मिथेन जाळते असं गृहीत धरायची पद्धत आहे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या तीन तेलखोऱ्यांवर विमानाने मोजणी झाली, आणि विझलेल्या फ्लेअर धरून प्रत्यक्ष आकडा 91 टक्के निघाला. सात टक्क्यांनी काय फरक पडतो? हिशेब मांडू. 100 टन मिथेन फ्लेअरला गेला. 98 टक्के जळला तर न जळलेले दोन टन आणि जळून झालेला कार्बन डायऑक्साइड मिळून, 20 वर्षांच्या मापाने, सुमारे 435 टनांचा भार. 91 टक्के जळला तर सुमारे 990 टनांचा. दुपटीहून जास्त, आणि वाढ सगळी न जळलेल्या मिथेनची.

न जळण्याची कारणं ठरलेली आहेत. पायलट, म्हणजे फ्लेअर पेटती ठेवणारी छोटी ज्योत, विझते आणि ती पाहायला उष्णतामापक नसतो. वारा ज्योत फाडतो. काळा धूर दिसू नये म्हणून वाफ किंवा हवा इतकी सोडतात की ज्योतच थंड पडते. आणि मोठ्या प्रवाहासाठी बनवलेल्या फ्लेअरमध्ये आता थोडासाच गॅस जातो. पायलटवर उष्णतामापक, आपोआप पेटवणारा ठिणगी संच आणि पुन्हा पेटली नाही तर वाजणारा इशारा, हे तिन्ही कुठल्याही फ्लेअरवर हवेतच.

शोधायचं कसं

गळती दाखवणारा कॅमेरा 3.3 मायक्रोमीटरच्या आसपासच्या अवरक्त प्रकाशात पाहतो, कारण मिथेन तो प्रकाश शोषतो. पडद्यावर गॅस धुरासारखा दिसतो. पण गॅस आणि मागची पार्श्वभूमी यांचं तापमान सारखं असेल तर काहीच दिसत नाही. ढगाळ दुपारी, जोराच्या वाऱ्यात किंवा लांबून फिरवलेला कॅमेरा 'सगळं ठीक' असा खोटा दाखला देतो. आकाशाची पार्श्वभूमी घ्यावी, दोन बाजूंनी पाहावं, जवळ जावं, आणि छपरावरचे निकास विसरू नयेत. गळती सापडली की तिला चिठ्ठी बांधायची, प्रवाह मोजायचा, दुरुस्ती करायची आणि साबणाच्या फेसाने पुन्हा तपासायचं. ही शेवटची पायरी गाळली जाते. नट आवळल्यावर गळती थांबली असं मानणं आणि थांबल्याचं पाहणं यांत फरक आहे.

वारंवारता महत्त्वाची, ती एका आकड्यामुळे: सगळ्यात मोठ्या पाच टक्के गळत्यांतून निम्म्याहून जास्त गॅस जातो. त्या कुठे होतील हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे वर्षातून एकदा बारकाईने पाहण्यापेक्षा दर महिन्याला भराभर पाहिलेलं बरं. उपग्रह यात मदत करतात. 2017 मध्ये गेलेल्या सेंटिनेल-5पी उपग्रहावरच्या ट्रोपोमी या उपकरणाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर काही किलोमीटरचा असतो, त्यामुळे प्रचंड गळत्याच दिसतात. जीएचजीसॅट या कंपनीचे उपग्रह एखाद्या केंद्रापर्यंत नजर पोहोचवतात. मार्च 2024 मध्ये सोडलेल्या, मिथेन मोजणाऱ्या मिथेनसॅट उपग्रहाशी संपर्क जून 2025 मध्ये तुटला, हे मोठं नुकसान झालं.

उपेक्षेची किंमत कॅलिफोर्नियातल्या अलिसो कॅन्यनने दाखवली. तिथे 1953 मध्ये तेलासाठी खणलेली विहीर नंतर गॅस जमिनीखाली साठवायला वापरात आली. तिचा भूमिगत सुरक्षा वॉल्व्ह 1979 मध्ये काढला गेला आणि पुन्हा बसला नाही. गॅस आतल्या नळीबरोबर बाहेरच्या आवरणातूनही ये-जा करत होता, म्हणजे गॅस आणि खडक यांच्यामध्ये पोलादाचा एकच थर. तो थर बाहेरून भूजलाने आणि सूक्ष्मजीवांनी गंजवला. 23 ऑक्टोबर 2015 ला तो फुटला आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत सुमारे 97 हजार टन मिथेन निसटला. वरून जड द्रव ओतून विहीर दाबण्याचे प्रयत्न फसले, शेवटी शेजारून दुसरी विहीर खणून ती बंद करावी लागली. आतल्या नळीतूनच गॅस नेला असता, तर आवरण फुटल्यावर दाब घसरलेला दिसला असता आणि काम तिथेच थांबवता आलं असतं.

शहरातल्या रस्त्याखाली

मुंबईत महानगर गॅस 1995 पासून, पुण्यात एमएनजीएल (महाराष्ट्र नॅचरल गॅस) 2006 पासून. आपल्या शहरांत गॅस उशिरा आला याचा एक फायदा झाला. बॉस्टनसारख्या जुन्या शहरांत बिडाचे पाइप आणि त्यांचे सांधे अजून गळतात. आपल्याकडे मोठ्या दाबाला पोलाद आणि गल्लीबोळांत पॉलिथिलीनचे पिवळे किंवा नारिंगी पाइप आहेत. पॉलिथिलीन गंजत नाही. ते दोन गोष्टींनी हरतं, कुदळ आणि कच्चा सांधा.

हे पाइप साधारण एक मीटर खोल असतात आणि त्यांच्यावर सूचनेची पट्टी पुरलेली असते. केबल किंवा पाण्याच्या कामासाठी खणताना पट्टी दिसली की यंत्र थांबवून हाताने खणायचं आणि गॅस कंपनीला कळवायचं. पट्टी उचलून बाजूला टाकणं ही रोज घडणारी चूक आहे. सांधा इलेक्ट्रोफ्यूजनने होतो: जोडणीतली तार तापते आणि दोन्ही भाग वितळून एक होतात. पाइपचा वरचा थर हवेने निबर झालेला असतो, तो खरवडला नाही तर सांधा वरून पक्का दिसतो आणि वर्षभराने सुटतो. खरवडायचं, हात न लावता पुसायचं, पकडीत सरळ धरायचं आणि थंड होईपर्यंत हलवायचं नाही. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी असताना केलेला सांधा धरूच नये.

घरापर्यंत येताना दाब टप्प्याटप्प्याने उतरून 21 मिलिबारवर येतो, आणि वासासाठी मर्कॅप्टन मिसळलेलं असतं. वास येत असेल तर काही तपासत बसू नये. वॉल्व्ह बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर जाऊन कंपनीला फोन. वास नसतानाची तपासणी मात्र घरच्या घरी होते. रात्री सगळे बर्नर आणि गिझर बंद करा, मीटरजवळचा वॉल्व्ह उघडाच ठेवा, आणि मीटरचे शेवटचे, दशांश चिन्हानंतरचे आकडे लिहून ठेवा. सकाळी चहा ठेवण्याआधी पुन्हा वाचा. आकडा हलला असेल तर मीटर आणि शेगडी यांच्यामध्ये कुठेतरी गॅस जातोय. बहुधा रबरी नळीच्या टोकाशी, नाहीतर शेगडीच्या झिजलेल्या कॉकपाशी. अशा वेळी वॉल्व्ह बंद करून कंपनीचा माणूस येईपर्यंत शेगडी पेटवू नका.